अष्टमीच्या अवतीभवती : टोपोशीटवर वाचलेली वस्तीची वाढ

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ एफ/३ या स्थलनिर्देशक नकाशात, म्हणजे टोपोशीटवर, कुंडलिका नदी पूर्वेच्या कडेने आत येते, कोलाडवरून वळणे घेत पश्चिमेला सरकते आणि रेवदंड्याच्या दिशेने कागदाबाहेर पडते. तिच्या डाव्या तीरावर रोहा आहे, उजव्या तीरावर अष्टमी. नगरपरिषदेच्या नावात ही दोन्ही गावे जोडून येतात आणि बोलताना बहुतेक वेळा ‘रोहा’ एवढ्यावरच भागते. नकाशा मात्र दोघांना वेगळे ठेवतो. मध्ये नदीची निळी पट्टी, तिच्यावर पूल आणि पुलाच्या दोन टोकांना दोन वस्त्या.

कागदोपत्री अष्टमीचे नाव जुने आहे. मे १६७४मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला निघाला, तेव्हा तो चौलकडून नदीने वर आला आणि पुढे निजामपूरमार्गे रायगडाला गेला. त्या प्रवासाच्या इंग्रजी वृत्तान्तात या ठिकाणाचे नाव ‘एस्थेमी’ असे पडले आहे. परक्या कानाने टिपलेली ती अष्टमीच. नदी हाच रस्ता होता तेव्हा भरतीच्या पाण्यावर मचवे इथवर येत, आणि गावाची जागा ठरली ती नदीवरूनच. पुढच्या तीनशे वर्षांत रस्ता, कारखाना आणि लोहमार्ग आले, वस्ती त्यांच्या मागे गेली. तिने कोणती वाट धरली हे पाहण्याचे सर्वांत चांगले साधन म्हणजे एकाच जागेच्या वेगवेगळ्या काळातल्या टोपोशीट.

शीटचा क्रमांक ओळखीचा करून घेतला की अर्धे काम होते. ‘४७’ हा चार अंश रेखांश आणि चार अंश अक्षांशांचा मोठा चौकोन. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग पाडून त्यांना ए ते पी अशी अक्षरे दिलेली आहेत, आणि प्रत्येक अक्षराचे पुन्हा सोळा भाग. त्यामुळे एक शीट पंधरा मिनिटे अक्षांश आणि पंधरा मिनिटे रेखांश एवढी असते. रोह्याच्या अक्षांशावर हा तुकडा साधारण २६ किलोमीटर रुंद आणि २८ किलोमीटर उंच भरतो. ४७ एफ/३ची वरची कड १८ अंश ३० मिनिटांवर आहे. नागोठणे आणि पेण तिच्या वर, म्हणजे ४७ एफ/२मध्ये जातात, आणि पेण तर त्या शीटच्या अगदी माथ्याला टेकते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ही मालिका एका इंचाला एक मैल या प्रमाणात छापली जाई. १९५६च्या कायद्याने देशात दशमान पद्धत आली आणि नकाशेही हळूहळू १:५०,००० या प्रमाणावर गेले. तिथे एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. जुनी शीट नवीवर ठेवायची तर आधी तिची प्रत मूळच्या १२७ टक्के आकाराची करून घ्यावी लागते, नाहीतर काहीच जुळत नाही. मग ट्रेसिंग पेपर. त्यावर प्रथम न हलणाऱ्या गोष्टी उतरवायच्या : रोह्याजवळच्या अवचितगड किल्ल्याचा माथा, डोंगराच्या सोंडा, नदीचे ठळक वळण. रस्त्यांवर आणि देवळांवर भरवसा ठेवता येत नाही. रस्ता सरळ केला जातो आणि देऊळ नव्याने बांधले जाते. डोंगर जुळले की बाकीचे आपोआप जागेवर बसते.

मोजण्याची रीतही साधी आहे. १:५०,०००च्या शीटवर दोन मिलिमीटर म्हणजे १०० मीटर. दोन मिलिमीटरच्या चौकोनांचा आलेख कागद वर ठेवला तर प्रत्येक चौकोन एक हेक्टर होतो, म्हणजे जवळपास शंभर गुंठे. जुन्या शीटवर पिवळा आणि नव्या शीटवर लाल असलेला असा प्रत्येक चौकोन मोजत जायचे. पिवळा म्हणजे लागवडीखालची जमीन, लाल म्हणजे घरे आणि रस्ते. कोकणातल्या भातखाचरांचा सरासरी आकार पाहता त्या एका चौकोनात कित्येक खातेदारांची खाचरे मावतात. गणित शाळकरी असले तरी मोजणाऱ्याच्या बोटाखाली नेमकी कुणाची तरी शेते येत असतात, हे विसरता येत नाही.

शीट कोणत्या काळातली आहे, हे तिच्या डोक्यावरून कळते. ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ असा मथळा असेल तर ती ब्रिटिश अमदानीची. ‘बॉम्बे स्टेट’ आणि ‘कुलाबा’ असेल तर १९५० ते १९६० या दशकातली. ‘महाराष्ट्र’ आणि ‘कुलाबा’ एकत्र असतील तर १ मे १९६० नंतरची, पण १९८१च्या आधीची. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. तळाच्या समासात सर्वेक्षणाचे वर्ष आणि छपाईचे वर्ष वेगवेगळे दिलेले असतात, आणि इथेच नवखा वाचक फसतो. छपाईच्या वर्षी जमिनीवर काय होते ते शीट सांगत नाही. शीट सांगते ते सर्वेक्षकाने पाहिलेल्या वर्षाचे. दोहोंमध्ये कधी कधी बरीच वर्षे गेलेली असतात.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा या भागातला पहिला मोठा बदल घरांचा नव्हता, सीमांचा होता. जुन्या शीटवर पूर्वेला सुधागडभोवती भोर संस्थानाची आणि दक्षिण-पश्चिमेला जंजिरा संस्थानाची हद्द चालते. १९४८ साली संस्थाने विलीन झाली आणि त्या तुटक रेषा पुढच्या आवृत्तीतून गेल्या. घरांचे ठिपके मात्र जवळजवळ तिथेच राहिले. याच काळात मुंबईत काय चालले होते ते पाहिले की हा थांबलेपणा नीट कळतो. मोडक आणि मेयर यांनी १९४८मध्ये बृहन्मुंबईच्या विस्ताराचा आराखडा मांडला. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत पालिकेची हद्द आधी अंधेरी-घाटकोपरपर्यंत आणि मग दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. कल्याणजवळ युद्धकाळात उभारलेल्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९मध्ये त्या छावण्यांचे उल्हासनगर झाले. उपनगरे वाढत होती ती रेल्वेच्या दोन मार्गांना धरून, उत्तरेकडे आणि ईशान्येकडे. खाडीच्या पलीकडचा कुलाबा जिल्हा मुंबईला माणसे पुरवत होता, पण मुंबई अजून तिथे पोहोचली नव्हती. अष्टमीचा तरुण गिरणगावात राहायला जाई, पण त्याचे घर, भात आणि गणपती गावातच. म्हणून त्या काळातली शीट जुन्या शीटसारखीच दिसते. ती शांतता म्हणजे गेलेल्या माणसांची रिकामी जागा, आणि नकाशाला माणसे मोजता येत नाहीत.

ही स्थिती १९७०मध्ये बदलली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५मध्ये खाडीपलीकडे नवे शहर वसवावे अशी कल्पना मांडली होती. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन त्या शहरासाठी नेमली गेली. वाशीचा पूल १९७३मध्ये वाहतुकीला खुला झाला. टोपोशीट वाचणाऱ्याला या शहराबाबत एक विचित्र अडचण येते : १९ अंश अक्षांश आणि ७३ अंश रेखांश जिथे एकमेकांना छेदतात, तो बिंदू याच शहराच्या पोटात येतो. वाशी ४७ ए/१६मध्ये, बेलापूर ४७ ई/४मध्ये, उरण ४७ बी/१३मध्ये आणि पनवेल ४७ एफ/१मध्ये. संपूर्ण नवी मुंबई पाहायची तर चार शीट कडा कापून चिकटवाव्या लागतात, आणि चारही शीटचे सर्वेक्षण एकाच वर्षी झालेले असेलच असे नाही. एका शीटवर नोडांचे रस्ते आखलेले आणि शेजारच्या शीटवर मिठागरे व भातशेती जशीच्या तशी, असा जोड दिसू शकतो. जानेवारी १९८४मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई आणि दास्तान फाट्यावर झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जण गेले. त्या गावांची नावे शीटवर होती तशीच आहेत. फक्त भोवतीचा रंग बदलला आहे.

रोहा-अष्टमीची वाढ या लाटेतून आली नाही. इथले कारण वेगळे होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने कुंडलिकेच्या दक्षिणेला धाटाव येथे औद्योगिक क्षेत्र आखले आणि तिथे प्रामुख्याने रासायनिक कारखाने आले. जागा निवडताना पाण्याचा विचार झाला असणार, हे नकाशावर स्पष्ट दिसते. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्री उतरून टाटांच्या भिरा येथील वीजकेंद्रात वीज तयार करते आणि मग कुंडलिकेत सोडले जाते. हे केंद्र १९२०च्या दशकापासूनचे आहे. त्यामुळे कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटत असताना कुंडलिका वाहती राहते. सर्वेक्षण विभागाच्या संकेतांत बारमाही पाणी निळे आणि कोरडे पात्र काळ्या रेषांचे. कुंडलिकेचा निळा रंग कारखान्यांसाठी आमंत्रणासारखा होता.

धाटाव आल्यावर शीटवर काय बदलते, ते क्रमाने पाहण्याजोगे आहे. आधी रस्ता. रोहा-कोलाड रस्ता जाड होतो, कारण तोच मुंबई-गोवा महामार्गाला जाऊन मिळतो. मग मोठ्या आयताकृती इमारती आणि त्यांना सरळ कोनात छेदणारे रस्ते. डोंगर आणि ओढे असलेल्या या प्रदेशात सरळ कोन कुठेच नव्हते. गावे वाकड्या पायवाटांनी जोडलेली होती, म्हणून औद्योगिक वसाहत कागदावर लगेच ओळखू येते. मग सर्वांत शेवटी घरे. ती येतात वरसे, रोठ, धाटाव यांच्या शिवारात, नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर. आधी भाड्याच्या खोल्या, मग चाळी, मग बिनशेती प्लॉट आणि सोसायट्या. जुन्या शीटवर वरसे हे बारीक अक्षरात लिहिलेले भातशेतीचे गाव होते. आज ते रोह्याला इतके लागून आहे की परगावच्या माणसाला हद्द सांगितल्याशिवाय कळत नाही.

पुढची सगळी गुंतागुंत इथून सुरू होते. कारखान्यांनी आणलेली वस्ती ज्या जमिनीवर बसली, ती ग्रामपंचायतीची होती. पाणीपुरवठा, गटारे, रस्ता, कचरा यांची जुनी व्यवस्था मात्र नगरपरिषदेकडे होती. अष्टमी आणि रोहा हे मूळ शहर; तिथली लोकसंख्या आजही साधारण २० हजारांच्या घरात आहे. शहर वाढले ते शहराच्या बाहेर. जगभर उपनगरांचा स्वभाव असाच असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लेव्हिटाउनसारख्या वसाहती जुन्या शहरांच्या कर-हद्दीबाहेर, शेतांवर उभ्या राहिल्या. तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने एक उपयोगी पद्धत आणली : जुना नकाशा पूर्ण नव्याने न काढता हवाई छायाचित्रांवरून नवे रस्ते आणि नवी घरे जांभळ्या रंगात त्याच नकाशावर छापायची. त्यामुळे एकाच कागदावर जुने काळे आणि नवे जांभळे शेजारी दिसतात. आपल्याकडे तशी सोय नाही. दोन आवृत्त्यांतला फरक वाचकालाच ट्रेसिंग पेपरवर काढावा लागतो. फक्त कामाला वेळ लागतो. अवघड काही नाही.

लोहमार्ग या सर्वांनंतर आला. १९८०च्या दशकात आपट्याहून पेण-नागोठणेमार्गे तो रोह्यापर्यंत पोहोचला. १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, १९९३मध्ये रोहा ते वीर हा उत्तरेकडचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. कोकण रेल्वेचे अंतर मोजणे रोह्यापासूनच सुरू होते. सर्वेक्षण जुने आणि छपाई उशिराची असलेल्या शीटवर हा मार्ग नसतो, आणि त्या जागी भातखाचरे असतात. एवढा मोठा भराव आणि पूल असलेला मार्ग आहे की नाही, यावरून शीटचा काळ ठरवता येतो. दिवा-रोहा गाडी सुरू झाल्यावर रोजची ये-जा करणारे वाढले. पण रोह्याची वस्ती गाडीच्या वेळापत्रकावर नव्हे, कारखान्याच्या पाळीवर बसलेली आहे. म्हणूनच तिला मुंबईचे उपनगर म्हणणे पूर्ण बरोबर नाही. ती एका औद्योगिक वसाहतीचे उपनगर आहे.

पेणची गोष्ट याहून वेगळी, आणि तिच्यासाठी वरची शीट, ४७ एफ/२, उघडावी लागते. पेणचे जुने बंदर अंतोरा, भोगावतीच्या खाडीवर. पश्चिमेला धरमतरची खाडी. मधल्या सपाट प्रदेशावर खाडीच्या कडेने धावणाऱ्या बांधाच्या रेषा दिसतात. ही खारबंदिस्ती. भरतीचे खारे पाणी बाहेर ठेवायचे आणि पावसाचे गोडे पाणी साठवून मीठ धुऊन काढायचे, असे पिढ्यान्पिढ्यांचे हे शेतीशास्त्र. बांधाला जागोजागी उघाड्या असतात : ओहोटीला आतले पाणी बाहेर जाते, भरतीला दार आपोआप मिटते. बांधाला एकदा खांड पडली आणि ती वेळेवर बांधली नाही की शेकडो एकर शेती खारी होते. सरकारने १९४८मध्ये आणि पुन्हा १९७९मध्ये खार जमिनींसाठी कायदे केले, यावरून या बांधांचे मोल कळावे. टोपोशीटवर हे सगळे एका बारीक काटेरी रेषेने दाखवलेले असते. ती रेषा तुटलेली दिसली, किंवा तिच्या आत पिवळ्याऐवजी खाजणाची चिन्हे आली, की समजायचे, तिथली शेती गेली. शेतीखालची जमीन बांधकामाने जाते तशी ती खारफुटीनेही जाते, आणि दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या तरच हा फरक वेगळा काढता येतो.

पेणच्या सपाटीवर १९९०च्या दशकात डोलवीला धरमतरच्या खाडीकाठी पोलाद कारखाना आला. त्याआधी नागोठण्याला पेट्रोरसायन संकुल उभे राहिले होते. नंतर या पट्ट्यावर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राची रेषा आखली गेली. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत अजमावले गेले. शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ते क्षेत्र झाले नाही. पेणच्या शीटवर त्या गावांभोवती पिवळा रंग टिकून आहे, तो केवळ कुणी बांधले नाही म्हणून नव्हे. तिथल्या लोकांनी नाही म्हटले म्हणून. असा नकार नोंदवण्यासाठी कोणतेही सांकेतिक चिन्ह नाही.

आणखी दोन गोष्टी टोपोशीटवर नीट दिसत नाहीत. पहिली, गावाच्या आतली माणसांची मांडणी. एक मात्र टोपोशीटच्या बाजूने सांगितले पाहिजे : रायगडच्या शीटवर ठाकूरवाडी, कातकरवाडी अशी नावे पुष्कळ आहेत. महसुली गावांच्या यादीत ज्या वाड्यांना स्वतंत्र स्थान नव्हते, त्या सर्वेक्षकाने डोंगराच्या कुशीत जाऊन टिपल्या. कारखाना किंवा रस्ता येताना या वाड्या कुठे सरकल्या, हे शोधण्यासाठी टोपोशीटइतका विश्वासू दुसरा कागद मिळणे कठीण आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, आणि तिचा थेट संबंध अष्टमीशी. १:५०,०००च्या शीटवर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. जुन्या इंची नकाशावर ५० फुटांच्या. अवचितगडाच्या सोंडेवर या रेषा इतक्या दाट होतात की कागद तपकिरी दिसतो. पण अष्टमी, रोह्याचा नदीकाठ, खारापटीसारखी खारातली गावे आणि पश्चिमेकडची सगळी सपाटी बहुतेक पहिल्या रेषेच्या खाली येते. म्हणजे शून्य आणि वीस मीटरच्या मध्ये कागद कोरा आहे. नेमक्या याच जमिनीवर लोक राहतात, नवी घरे बांधतात आणि याच जमिनीवर पुराचे पाणी चढते. अष्टमीच्या काठाची उंची सहा मीटर की नऊ मीटर, हा फरक पावसाळ्यात जीवनमरणाचा असतो. २४ जुलै १९८९ रोजी याच जिल्ह्यात अंबा नदीने जांभूळपाड्याची वाताहत केली, ती अशाच नदीकाठच्या सपाटीवर. डोंगर इतक्या बारकाईने मोजणारा नकाशा माणसांच्या पायाखालच्या जमिनीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. ही त्याची मोठी उणीव आहे, आणि बांधकामाची परवानगी देताना या शीटवर विसंबणे धोक्याचे आहे. त्यासाठी मोठ्या प्रमाणाचे, अर्ध्या-एक मीटरच्या रेषांचे सर्वेक्षण लागते.

हे सगळे वाचण्यासाठी शीट हातात पडावी लागते, आणि बराच काळ ती पडत नव्हती. सरहद्द आणि समुद्रकिनारा यांच्यापासून सुमारे ८० किलोमीटरपर्यंतचे नकाशे सुरक्षेच्या कारणाने मर्यादित वर्गात होते. संपूर्ण कोकण त्या पट्ट्यात येते. म्हणजे अष्टमीच्या शेतकऱ्याला, शिक्षकाला किंवा नगरसेवकाला आपल्या गावाची टोपोशीट सहज मिळत नव्हती, त्याच काळात अमेरिकी लष्कराने १९५०च्या दशकात भारतीय नकाशांवरून तयार केलेली १:२,५०,०००ची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोणालाही पाहता येत होती. ही विसंगती २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने कमी केली. नागरिकांसाठी खुल्या मालिकेचे नकाशे वेगळे काढले गेले, आणि २०१७पासून ते सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येऊ लागले. नव्या मालिकेत या भागाचे क्रमांक ‘ई ४३’ने सुरू होतात.

जुनी आणि नवी शीट जुळवताना एक काळजी घ्यावी लागते. जुने नकाशे एव्हरेस्टच्या गोलाभावर आधारलेले, नवे जागतिक भूमापन पद्धतीवर. अक्षांश-रेखांशाचे आकडे तेच धरले तर एकच ठिकाण साधारण शंभर मीटरच्या घरात सरकलेले दिसते. म्हणजे कागदावर दोन मिलिमीटर, आलेख कागदाचा नेमका एक चौकोन. हे न जाणता मोजणाऱ्याला अष्टमीची घरे नदीकडे सरकल्यासारखी वाटतील. म्हणून आकड्यांपेक्षा डोंगरांवर जुळवणी करावी.

टोपोशीटवर दिसलेला लाल चौकोन नेमका कुणाच्या जमिनीचा, हे कळण्यासाठी शेवटी भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा काढावा लागतो. मुंबई इलाख्यातील महसुली मोजणी १८३०च्या दशकात इंदापुरापासून सुरू झाली आणि सर्व्हे नंबरांच्या त्या हद्दी आजही सातबाऱ्याच्या मुळाशी आहेत. वरसे किंवा रोठच्या गावनकाशावर बांध, ओढा आणि पायवाट यांच्या कडांनी आखलेले ते वेडेवाकडे तुकडे आजच्या सोसायट्यांच्या कुंपणांतही ओळखू येतात. एखादी इमारत रस्त्याला तिरकी का उभी आहे, एखादी गल्ली मध्येच का वाकते, याचे उत्तर तिथे मिळते : ती खाचराच्या बांधावरून गेली आहे.